डॉक्टरीणबाईंचा अंदाज

मॅट्रिकचा निकाल लागला आणि आमच्या गावानं मला त्याच दिवशी डॉक्टर करून टाकलं. वऱ्हाडातल्या मालेगावहून वाशीमकडे जाणाऱ्या सडकेपासून जरा आत आमचं गाव. घरची शेती बरी होती. कपाशी, ज्वारी, तूर. गावातली मॅट्रिक झालेली मी पहिलीच मुलगी, आणि वाशीमच्या शाळेत त्या वर्षी मुलगे धरूनही माझाच पहिला नंबर होता. पारावर बसणारी म्हातारी माणसं मला येता-जाता थट्टेनं हात पुढे करत. "पाह्य ना वं पोरी, ताप हाये का अंगात?" मी लाजून पळायची, पण मनातून मला ते खरंच वाटायला लागलं होतं.

डॉक्टरी शिकायची तर नागपूरच्या मेडिकल शाळेत जावं लागे. सगळ्या वऱ्हाडातून आणि मध्यप्रांतातून मुलं तिथं अर्ज करत. मुलींसाठी थोड्या जागा राखलेल्या असत. मॅट्रिकवरही घेतात, असं आम्हाला समजलं होतं. शाळेतले मास्तर म्हणाले, नक्की मिळेल. वाशीमला मी ज्यांच्याकडे शिकायला राहत होते त्या मावशी म्हणाल्या, तुला नाही मिळायचं तर कुणाला? मायला मात्र माझं लग्न करायचं होतं. ती काही बोलत नव्हती, पण भाकरी थापताना तिचे हात जरा जोरात वाजत.

बाबांचा स्वभाव वेगळा होता. बैल घ्यायचा झाला तर विकणाऱ्यालाही विचारायचं नाही आणि दलालालाही नाही. ज्याचा त्यात काही संबंध नाही अशा माणसाला विचारायचं, ही त्यांची रीत. ते म्हणाले, "मास्तर आपले, मावशी आपली. ते हो म्हनतीनच. जिले आपल्याशी काही घेनं-देनं नाई, तिले विचारू."

म्हणून आम्ही वाशीमच्या बायकांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

त्या पुण्याकडच्या. चाळिशीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या. पांढरं पातळ आणि पायात पुरुषी धाटणीचे काळे बूट. वाशीमच्या बायका त्यांना भीत आणि अडल्या वेळी त्यांच्याकडेच धावत. दुपारची वेळ होती. बाहेरचे पेशंट संपले होते आणि त्या व्हरांड्यात उभ्या राहून हात धूत होत्या. बाबांनी हात जोडून सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, "बाई, तुमी नागपूरच्या त्या शाळेतूनच शिकून आल्या. आमच्या पोरीचा नंबर लागन का?"

त्यांनी बाबांना उत्तर दिलं नाही. माझ्याकडे वळल्या.

"तुझ्या वर्गात किती मुलं होती?"

मी सांगितलं.

"आणि अकोल्याच्या शाळेत? अमरावतीच्या? नागपूरच्या शाळांत? जबलपूरच्या?"

मला ठाऊक नव्हतं.

"प्रत्येक शाळेत कुणीतरी पहिलं येतंच की नाही? ते सगळे पहिले तिथं अर्ज करतात. तू तुझ्या वर्गाशी स्वतःला ताडून पाहू नकोस. त्या सगळ्यांशी ताडून पाहा."

मग त्यांनी आत नेऊन एक जाड इंग्रजी पुस्तक माझ्यापुढे उघडलं आणि एक पान वाचायला सांगितलं. मी घडाघडा वाचलं. पाठांतरानं माझी जीभ तयार होती. "आता यात काय लिहिलंय ते इंग्रजीतच मला सांग," त्या म्हणाल्या. मी तोंड उघडलं आणि शब्दच येईना. मराठीत सांगते म्हटलं, तर मराठीतही अर्धंच सांगता आलं. रसायनशास्त्रातलं काहीतरी विचारलं. त्या विषयाचं आमच्या शाळेत एक कपाट होतं आणि त्याला कुलूप होतं.

शेवटी त्या मला आत वॉर्डात घेऊन गेल्या. चुलीवरचं उकळतं पाणी अंगावर सांडून भाजलेली एक बाई होती. तिची पट्टी बदलायची होती. "भांडं धर," म्हणाल्या. मी धरलं. पट्टी कातडीला चिकटली होती. ती बाई विव्हळत होती आणि वास नाकात भरला होता. पण मी हललेही नाही आणि तोंडही फिरवलं नाही. का कोण जाणे, मला त्या बाईच्या चेहऱ्यावरून नजर काढावीशी वाटली नाही. मी तिला म्हटलं, "झालं वं माय, झालंच आता."

बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाई बाबांना म्हणाल्या, "यंदा नाही मिळणार."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"मुलगी हुशार आहे," त्या म्हणाल्या. "आत्ता आत जे मी पाहिलं, ते पुष्कळांना चार वर्षं शिकूनही येत नाही. पण निवडणारे ते विचारणार नाहीत. ते विज्ञान विचारतील, आणि बोलायला लावतील. नियमात मॅट्रिक चालतं, पण इंटर सायन्स झालेली मुलं असताना ते मॅट्रिकवाल्यांना घेत नाहीत. हिला दोन वर्षं अमरावतीला सायन्सला घाला. मग पुन्हा माझ्याकडे आणा, मी पुन्हा पाहीन." आणि मला म्हणाल्या, "अर्ज करायचा असेल तर कर. पण मिळेल म्हणून वाट बघत बसू नकोस. आजपासून पुढच्या कामाला लाग."

परतताना दमणीत, आमच्या हलक्या बैलगाडीत, बाबा पुढे बसून बैल हाकत होते. सडक सोडून गावाच्या वाटेला लागल्यावर म्हणाले, "बाई खरी हाये."

मी रागानंच म्हटलं, "नाई म्हनली, अन् तुमाले ते आवडलं?"

"हो म्हनली असती तं तिचं काय गेलं असतं? आपन खुशीत घरी गेलो असतो अन् तिले दोनदा रामराम केला असता. तिनं तुह्यी तासभर परीक्षा घेतली. कोन घेते?" मग बैलांना हाकत म्हणाले, "अन् ती नुसती 'नाई' नाई म्हनली. 'यंदा नाई' म्हनली."

घरी मायनं विचारलं तेव्हाही त्यांनी 'यंदा' या शब्दावर असा जोर दिला की मायला लग्नाचं पुढं काढता आलं नाही. अर्ज मी केलाच होता. मिळालं नाही.

अमरावतीची दोन वर्षं मला अवघड गेली. प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी गॅसचा दिवा पेटला तेव्हा मी दचकून मागे सरले आणि मुलगे हसले. वसतिगृहातली माझी जोडीदारीण कारंजाच्या एका व्यापाऱ्याची मुलगी होती. डॉक्टरीणबाईंनी मला निघताना एक सल्ला दिला होता: रोज कुणाशी तरी इंग्रजीत भांडायचं. गोड बोलायला पाठ केलेली वाक्यं पुरतात, भांडताना ती पुरत नाहीत. मी जोडीदारणीला हे सांगितलं तर तिला ते फार पटलं. आम्ही अंघोळीच्या बादलीवरून भांडलो, खिडकी उघडी ठेवण्यावरून भांडलो, तिच्या घरून आलेल्या लोणच्यावरून भांडलो. पहिल्या पहिल्यांदा शब्द सापडेपर्यंत राग निघून जायचा आणि हसू यायचं. दुसऱ्या वर्षी शेजारच्या खोलीतल्या मुली तक्रार करायला लागल्या, तेव्हा आम्हाला कळलं की जमलं.

सुट्टीत घरी आले की मी वाशीमला दवाखान्यात जायची. डॉक्टरीणबाई माझ्या अभ्यासाचं कौतुक करत नसत. "कुठं अडलंय?" एवढंच विचारत. अडलं नाही म्हटलं तर म्हणत, "मग तू नीट पाहिलं नाहीस." कधी दोन पेशंटांच्या मधल्या वेळात, इंजेक्शनची सुई उकळत ठेवून, त्या मला कार्बनची जोडणी समजावून सांगत. ती समजावताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद यायचा तो मी दुसऱ्या कशानंही आलेला पाहिला नाही. एकदा विचारलं, तर म्हणाल्या की त्यांना खरं म्हणजे पुढे शिकायचं होतं, विलायतेला. "मिळालं असतं का?" मी विचारलं. "नसतं," त्या सहज म्हणाल्या. "मी तेव्हा नीट पाहिलं होतं." त्यात दुःख होतं की नाही हे मला समजलं नाही. पुढच्या बाईला आत बोलवायला त्यांनी सांगितलं.

इंटरचा निकाल चांगला लागला. मी पुन्हा त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. या वेळीही बाबा बरोबर होतेच. पुन्हा तेच जाड पुस्तक, पुन्हा तसंच पान. मी वाचून इंग्रजीत सांगितलं. त्यांनी मधेच अडवून उलट बोलून पाहिलं, मी भांडले. माझ्या मनात मात्र भीतीच होती. अमरावतीला मी माझ्यापेक्षा हुशार मुलं पाहिली होती. मला वाटत होतं, त्या पुन्हा नाही म्हणतील.

"या वेळी मिळेल," त्या बाबांना म्हणाल्या.

बाबांनी दवाखान्याच्या पायरीला हात लावून कपाळाला लावला. मायला मी स्वतः सांगितलं. तिनं काही न बोलता माझ्या तोंडात साखर घातली. डॉक्टरीणबाई बोलल्या म्हणजे झालं, असं आता आमच्या सगळ्या गावाला वाटत होतं, कारण पहिल्या वेळचं त्यांचं खरं ठरलं होतं.

नागपूरला मुलाखतीला मी वाशीमहून छोट्या गाडीनं अकोल्याला आणि तिथून मोठ्या गाडीनं गेले. लढाईचे दिवस होते. डब्यात शिपाईच शिपाई. बरोबर आलेले बाबा वाटभर दारापाशी माझ्या आड उभे राहिले. मुलाखतीत टेबलामागं तीन पुरुष आणि एक गोरी बाई होती. त्यांनी विज्ञान विचारलं, ते सांगितलं. एकानं विचारलं, लग्न झाल्यावर हे शिक्षण वाया नाही का जाणार? मी इंग्रजीत म्हटलं, आमच्याकडे बाळंतपणं करणाऱ्या सुइणी लग्न झालेल्याच असतात, त्यांचं शिक्षण कुणी वाया गेलं म्हणत नाही. गोरी बाई हसली. मी बाहेर आले तेव्हा मला खात्री होती.

मग घरी येऊन वाट पाहू लागलो. पाऊस पडला होता, पेरण्या झाल्या होत्या. एके दिवशी दुपारी पेट्रोलच्या टंचाईमुळे कोळशावर चालणारी प्रवाशांची सर्व्हिस मोटार सडकेवर थांबली आणि तिच्यातून डॉक्टरीणबाई उतरल्या. सडकेपासून गावापर्यंत काळ्या मातीचा चिखल. त्या हातात बूट घेऊन, पातळ वर खोचून चालत आल्या. त्यांच्यामागं गावातली निम्मी पोरं.

माय धावत पाणी घेऊन गेली. त्यांनी ओसरीच्या कडेला उभं राहून पाय धुतले. बाबांनी खुर्ची दिली, त्या सतरंजीवर बसल्या. चहाही घेतला नाही.

"मी कामासाठी नागपूरला गेले होते," त्या म्हणाल्या. "तिथं चौकशी केली. हिला मिळालेलं नाही. कळवतीलच ते, पण तुम्हाला मी सांगायला हवं, कारण मिळेल असं मी सांगितलं होतं."

"माझा अंदाज चुकला. मुलींच्या सगळ्या जागा मोकळ्या आहेत असं मी धरलं होतं. गेल्या वर्षी काही मुलींना थांबायला सांगितलं होतं, त्यांना यंदा आधी घेतलं. हे मला ठाऊक असायला हवं होतं. मी विचारलंच नाही. हिच्या तयारीत काही कमी नव्हतं." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तू चांगलं बोललीस. निवडणाऱ्यांनीच मला सांगितलं."

मी रडले नाही. त्यांच्याकडे पाहत राहिले. ज्यांच्या एका शब्दाला सगळं वाशीम घाबरायचं त्या बाई आमच्या ओसरीवर, चिखलानं भरलेल्या काठाच्या पातळात बसून, एका शेतकऱ्यापुढे स्वतःची चूक सांगत होत्या. त्यांचा आवाज रोजचाच होता. लाजिरवाणा नव्हता आणि सारवासारवही नव्हती.

बाबा काही बोलणार तेवढ्यात दाराआडून माय बाहेर आली. परक्या माणसापुढे ती फारशी बोलत नसे. ती म्हणाली, "बाई, आपली चूक झाली हे सांगाले तुमी इतक्या चिखलातून आल्या?"

"हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

माय त्यांच्यापुढे सतरंजीवर बसली. मग म्हणाली, "मंग पोरगी वर्सभर तुमच्याचपाशी राहू द्या. घरात बसून काय करन? पुढच्या वर्सी पाहू."

बाबांनी तोंड वळवून मायकडे असं पाहिलं की मला ते अजून दिसतं. इतकी वर्षं तिच्या मनात माझं लग्नच होतं. नंतर मी तिला विचारलं, तुझं मन कसं पालटलं? ती म्हणाली, "डॉक्टरीन म्हंजे काय असते ते मले त्या दिवशी दिसलं. माह्यी पोरगी तशी होत असन तर होऊ दे."

ते वर्ष मी दवाखान्यात काढलं. हत्यारं उकळायची, केसपेपर लिहायचे, बायकांना धीर द्यायचा. खेड्यापाड्यांतून, तांड्यांवरून बैलगाड्यांत घालून बायकांना आणत, तेही फार उशिरा. एकदा सकाळी एक अडलेली बाई आणली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि बाहेर येऊन तिच्या नवऱ्याला म्हणाल्या, "बाई वाचेल असं मला वाटतं. मूल वाचण्याचा संभव कमी आहे. मी दोघांसाठीही प्रयत्न करते." तो माणूस खाली बसला. मला त्या वेळी वाटलं, इतकं उघड सांगायची काय गरज? पण तो उठला, त्यानं गावाकडे निरोप धाडला, सासूला बोलावून घेतलं. संध्याकाळी बाई वाचली, मूल गेलं. सासू आलेली होती. तिनं सुनेला कुशीत घेतलं. नाहीतर सून एकटीच रडत राहिली असती. डॉक्टरीणबाई नंतर बराच वेळ हात धूत राहिल्या. मी पाणी ओतत होते.

पुढच्या उन्हाळ्यात अर्ज करायची वेळ आली तेव्हा मी सवयीनं त्यांच्यापुढे उभी राहिले. "बाई, या वेळी?"

"मी नाही सांगणार," त्या म्हणाल्या. "एकदा चुकले म्हणून नव्हे. आता तुला माझ्याइतकंच दिसतंय. तू सांग."

मी दोन दिवस विचार केला. नागपूरला पत्र पाठवून किती जागा मोकळ्या, आधीच्या कुणाला थांबवलंय का, हे विचारून घेतलं. माझं विज्ञान कुठं कच्चं आहे ते मला माहीत होतं, आणि कुठं पक्कं तेही. मग जाऊन त्यांना सांगितलं, "मिळण्याचा संभव जास्त आहे. पण खात्री नाही. निदान दोन जागा तरी माझ्याहून चांगल्या मुली घेतील. नाही मिळालं तर मी नर्सिंग शिकायला जाईन, त्याचीही चौकशी केली आहे. घरी बाबांना हे असंच सांगितलंय."

"बाबा काय म्हणाले?"

"म्हणाले, 'हे ठीक हाये. आता जे होईन ते होईन.'"

त्यांनी मान हलवली आणि मला पट्ट्यांचं कापड फाडायला बसवलं. पण त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला त्यांच्या खोलीवर जेवायला बोलावलं. पिठलं, भात आणि वर कच्चं तेल. त्यांना स्वयंपाक मुळीच येत नव्हता.

नागपूरचं बोलावणं आलं तेव्हा बाबा शेतात डवरत होते, पिकाच्या ओळींतलं तण काढत होते. मी बांधावरूनच ओरडले, "बाबा, लागला नंबर!" त्यांनी बैल थांबवले नाहीत. ओळ संपेपर्यंत गेले, डवरा उचलून फिरवला, आणि दुसऱ्या ओळीनं माझ्यापर्यंत येऊन मग थांबले. "काय म्हनली?" त्यांना ऐकू आलं होतं, पुन्हा ऐकायचं होतं. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी डोक्याचं मुंडासं काढून तोंड पुसलं आणि बराच वेळ पुसतच राहिले.

जायच्या दिवशी वाशीमच्या स्टेशनवर माय पहिल्यांदाच आली होती. तिनं आगगाडी जवळून पाहिली नव्हती. इंजिनानं वाफ सोडली तशी तिनं डॉक्टरीणबाईंचा दंड घट्ट धरला आणि सोडलाच नाही. त्या दोघी तशाच उभ्या होत्या, एक लुगड्यात, एक पांढऱ्या पातळात. गाडी हलली. डॉक्टरीणबाई खिडकीजवळ चालत चालत म्हणाल्या, "पहिल्या वर्षी तुला वाटेल की आपली निवड चुकून झाली. सगळ्यांना वाटतं. मलाही वाटलं होतं."

त्यांचा हा अंदाजही खरा ठरला. पहिले सहा महिने मला रोज तसंच वाटत होतं.